सोळा मोटारी आणि एक पापुद्रा

बोरीवलीहून चर्चगेटला निघालेली स्लो लोकल मध्ये किती स्टेशनांवर थांबते? बोटांवर मोजा बघू. कांदिवली, मालाड, गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी, अंधेरी... वांद्रे आलं की दोन्ही हातांची बोटं संपतात. मग पायांची घ्या. मरीन लाइन्सला तीही संपतात! म्हणजे मधली २० स्टेशनं. प्रवास जेमतेम ३४ किलोमीटरचा, पण तेवढ्यात गाडीला २१ वेळा जागचं हलावं लागतं. आणि हलायचं तेही कसं, तर खचाखच भरलेलं, दारात लोंबणाऱ्या काकांसकट.

एवढा जोर लावतं कोण? लोकलला पुढे जोडलेलं वेगळं इंजिन नसतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जोर लावणाऱ्या मोटारी काही डब्यांच्या पोटाखाली दडलेल्या असतात. ते डबे ओळखायचे कसे? साध्या, म्हणजे बिनएसीच्या लोकलचं छप्पर बघा. वरच्या तारेला टेकणारा घडीचा सांगाडा, म्हणजे पेंटोग्राफ, ज्या डब्यावर असेल तो मोटारींचा डबा. १२ डब्यांच्या गाडीत असे ४ डबे, प्रत्येकाखाली चाकांच्या ४ जोड्या आणि प्रत्येक जोडीला स्वतःची एक मोटार. चार चोक सोळा! या सोळाही जणी रुळांच्या अगदी जवळ बसलेल्या असतात. पावसाळ्यात रुळांवर पाणी चढलं की गाड्या थांबवतात ना, त्यामागे हेही एक कारण असतं.

आता अशी एक मोटार उघडून आत डोकावू. लोखंडी पत्र्यांची जाड चळत, तिच्यात पाडलेल्या खाचा आणि खाचांमध्ये दाटीवाटीने बसवलेली तांब्याची वेटोळी. तांब्यातून वीज धावते, लोखंडाचं चुंबक होतं आणि मधला भाग गरगर फिरू लागतो. पण तांबं काय, लोखंड काय, दोघांतूनही वीज जाते. ती दोघं एकमेकांना टेकली, तर वीज वेटोळ्यांतून फिरत बसेल कशाला? ती जवळची वाट धरेल आणि मोटार जळेल. म्हणून दोघांच्या मध्ये एक पापुद्रा घालतात. त्यातून वीज जात नाही. कारखान्यात सगळे त्याला इन्सुलेशन म्हणतात, आपणही तेच म्हणू. असतो पातळसाच, पण मोटारीला किती राबवायचं हे शेवटी तोच ठरवतो.

कारण त्याचं आणि उष्णतेचं वाकडं आहे.

तारेतून वीज गेली की तार तापते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता मात्र चौपट होते, तिप्पट केला तर नऊपट! आणि लोकल स्टेशनातून सुटते तेव्हाच मोटारींना खूप मोठा प्रवाह लागतो. समजा, एक मोटार २०० किलोवॉटची वीज घेते आहे आणि त्यातले शंभरातले पाचच भाग उष्णतेत गेले. झाले १० किलोवॉट. एवढ्या उष्णतेवर एक लिटर पाणी अर्ध्या मिनिटात उकळायला लागतं. ही झाली एका मोटारीची गोष्ट. खाली अशा सोळा आहेत.

तांब्याला याचं काही वाटत नाही, ते वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला. लोखंड तर त्याहून निगरगट्ट. आधी करपतो तो बिचारा पापुद्रा. तोसुद्धा एकदम नाही. हळूहळू कडक होतो, ठिसूळ होतो, बारीक तडे जातात आणि मग एखाद्या दिवशी रुळांच्या हादऱ्याने टवका उडतो. अमेरिकेतल्या माँटसिंगर नावाच्या इंजिनिअरने १९३० साली याचा हिशोब मांडला. त्यातून आलेला ढोबळ नियम आजही इंजिनिअर लोक वापरतात: तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं. म्हणजे २० वर्षं टिकणारं इन्सुलेशन १० अंश जास्त तापत राहिलं तर १० वर्षं, २० अंश जास्त तापलं तर ५ वर्षं, आणि ३० अंश जास्त तापलं तर जेमतेम अडीच!

म्हणून इन्सुलेशनचेही शाळेसारखे वर्ग पाडलेत. ए वर्गाने १०५ अंश सोसायचे, बीने १३०, एफने १५५ आणि एचने १८०. हे १८० म्हणजे नेमके किती? स्टेशनबाहेर बटाटेवडे तळतात, त्या कढईतलं तेल साधारण तेवढं तापलेलं असतं. वडा काही मिनिटांत लालसर होऊन बाहेर येतो. एच वर्गाच्या इन्सुलेशनला त्या तापमानात हजारो तास काढायचे असतात, तेही न करपता. रेल्वेच्या मोटारींत बहुधा याच वर्गाचं किंवा त्याहून वरचं इन्सुलेशन लागतं.

हे सोसणारे पदार्थ सापडायला वेळ लागला. मायकेल फॅराडेने १८३१ साली आपल्या प्रसिद्ध लोखंडी कड्यावर तांब्याची तार गुंडाळली, तेव्हा मध्ये घातलं होतं चक्क सुती कापड आणि सुतळी! त्याचं काम त्यावर भागलं. रेल्वेचं कसं भागणार?

बोरीवलीला विजेची लोकल आली ५ जानेवारी १९२८ ला. तेव्हाची बीबीसीआय रेल्वे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची पणजी म्हणा, तिने कुलाबा ते बोरीवली अशी गाडी सुरू केली. हो, कुलाबाच! तेव्हा रूळ चर्चगेटच्या पुढेही जायचे. त्या काळात तारांभोवती सूत किंवा कागद गुंडाळत, वार्निश पाजत आणि जिथे फारच तापतं तिथे अभ्रक घालत. अभ्रक हा खरं तर दगड, पण त्याचे कांद्यापेक्षाही पातळ पदर सुटतात. विजेला तो दाद देत नाही आणि ५०० अंशांपर्यंत तापवला तरी त्याला फारसं काही होत नाही. आपल्या झारखंडमधलं कोडरमा अभ्रकासाठी जगभर प्रसिद्ध होतं. पुढे १९६० च्या दशकात कॅप्टॉन नावाची पिवळसर सोनेरी फिल्म आली. चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानांना जी सोनेरी वेष्टनं दिसतात ना, त्यांत तीच आहे. पण अभ्रक काही निवृत्त झालेला नाही. काचेच्या धाग्यांच्या पट्टीवर चिकटून तो आजही मोठमोठ्या मोटारींत बसतो. मला तर या दगडाचं फार कौतुक वाटतं.

इथे एक पेच आहे, आणि तो मस्त आहे. इन्सुलेशनने विजेला अडवायचं, पण उष्णतेला मात्र बाहेर सोडायचं. नाहीतर तांब्याची उष्णता आतच कोंडणार. पण बहुतेक पदार्थ असे, की वीज अडवली की उष्णताही अडवतात. एकाच दारात एकाला मज्जाव आणि दुसऱ्याला वाट, हे जमणार कसं? निसर्गात एक पदार्थ हे झोकात करतो: हिरा! विजेला तो अडवतो आणि उष्णता तांब्याच्या जवळजवळ पाचपट चांगली वाहून नेतो. आता १६ मोटारींना हिरे गुंडाळायचे म्हटलं तर वांद्रे-कुर्ला संकुलातला अख्खा हिरे बाजार विकत घ्यावा लागेल, आणि तिकिटाचं काय होईल ते विचारूच नका.

म्हणून कारखान्यात दुसरी युक्ती करतात. वेटोळ्यांच्या फटींत हवेचे बुडबुडे राहतात. हवा उष्णता फार मंद सोडते, शिवाय जास्त दाबाच्या विजेने त्या बुडबुड्यांत बारीक ठिणग्या उडून इन्सुलेशन कुरतडलं जातं. म्हणून गुंडाळलेली मोटार एका बंद टाकीत ठेवतात, आतली हवा पंपाने ओढून घेतात, मग चिकट राळेसारखा द्रव आत सोडतात आणि वरून दाब देतात. द्रव कानाकोपऱ्यात शिरतो. मग सगळं भट्टीत भाजून घट्ट करायचं. बुडबुडे गेले, उष्णतेला लोखंडापर्यंत सलग वाट मिळाली.

लोखंडापर्यंत आलेली उष्णता बाहेर नेतो पंखा. पण तोही मोठा नमुना! कित्येक मोटारींत तो मोटारीच्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटार जोरात फिरली की पंखा जोरात, हळू फिरली की हळू. म्हणजे गाडी सुटताना, उष्णता सगळ्यांत जास्त असते तेव्हाच, पंखेबुवा आळसात. त्यातून त्याने ओढायची हवा कोणती? मुंबईची. दमट, खारी, ब्रेकच्या धुळीने भरलेली. देशातली पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला बोरीवलीहूनच चर्चगेटला सुटली होती. पण तिचा एसी माणसांसाठी, मोटारींना नशिबी हीच हवा!

नव्या लोकल सुटताना एक चढत जाणारा सूर काढतात, ऐकलाय? पश्चिम रेल्वेवर १५०० व्होल्टची जुनी पद्धत जाऊन २०१२ साली सगळीकडे २५,००० व्होल्ट आले. गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ती वीज उतरवते आणि तिचे बारीक तुकडे करून मोटारींना पुरवते. तुकडे पाडण्याच्या त्या धडाक्यातून हा सूर निघतो, आणि प्रत्येक तुकड्यागणिक इन्सुलेशनला एक धक्का बसतो. ब्रेक लावतानाही सुटका नाही. तेव्हा मोटारी उलट काम करून वीज बनवतात आणि तारेत परत पाठवतात. बचत होते, ३० टक्क्यांच्या आसपास. पण बनवलेली वीजही त्याच तारांतून जाणार, म्हणजे पुन्हा ताप.

याहून गरम जागी मोटार चाललीये का? चाललीये. १ मार्च १९८२ ला सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-१३ यान शुक्र ग्रहावर उतरलं. बाहेर तापमान साडेचारशे अंशांच्याही वर. तिथे मोटारीवर चालणाऱ्या ड्रिलने जमिनीला भोक पाडून माती काढली. यान १२७ मिनिटं टिकलं.

तुमच्या सोसायटीतही पाणी चढवणारी मोटार असेल. पंप बंद असताना मोठ्या माणसाबरोबर जा, कशालाही हात न लावता तिच्यावरची धातूची पाटी वाचा. व्होल्ट आणि हॉर्सपॉवरच्या शेजारी इन्सुलेशनच्या वर्गाचं एक इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं. बी असेल, एफ असेल, क्वचित एचसुद्धा. कोणतं सापडलं ते पोस्टकार्डावर लिहून आम्हाला कळवा.