वसंतासाठी जुन्या वळणाचे स्वेटर

१९३० आणि १९४०च्या दशकांत ब्रिटनमधल्या बायका घरी जे स्वेटर विणत, त्यांची घडण आजच्या ढगळ स्वेटरपेक्षा फार वेगळी होती. ते अंगासरशी बसत आणि कमरेशीच संपत. खालची एक सुलट-एक उलट विणीची पट्टी तीन-चार इंच रुंद असे, गळा उंच आणि बाह्या खांद्याशी चुण्या घालून फुगवलेल्या. लोकर बारीक, तीन किंवा चार पदरी. उंची आखूड असण्याचे श्रेय बरेचदा युद्धकाळातल्या टंचाईला दिले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. त्या काळचे स्कर्ट कमरेच्या खऱ्या रेषेवर बसत आणि स्वेटर त्यांच्या पट्ट्याशी येऊन थांबे. ही पद्धत युद्धाच्या आधीच रुळली होती.

हाताने विणलेल्या स्वेटरला प्रतिष्ठा मिळाली ती त्याही आधी. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर फेअर आइलच्या रंगीत नक्षीचा स्वेटर घातला आणि शेटलंड बेटांवरच्या त्या विणीला मोठी मागणी आली. १९२७ मध्ये एल्सा स्कियापरेल्ली हिने पॅरिसमध्ये काळ्या स्वेटरवर गळ्याशी पांढरी बो विणूनच काढली. लांबून ती खरी बांधलेली वाटे. युद्धाने भर घातली ती काटकसरीची. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळाली आणि एका कुपनावर दोन औंस लोकर. जुने स्वेटर उसवून, लोकर धुऊन, ताणून पुन्हा विणणे घरोघरी चाले. उरल्यासुरल्या रंगांचे पट्टे आणि खांद्यापुरती नक्षी ही त्या काळाची खूण त्यातूनच ठळक झाली. रेशनिंग १९४९ च्या मार्चमध्ये संपले.

त्या काळचे नमुने आजही मिळतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९४०च्या दशकातले काही नमुने सर्वांसाठी खुले केले आहेत. अडचण वाचण्याची नसून मापाची आहे. बहुतेक नमुने एकाच मापाचे, ३२ ते ३४ इंच छातीचे असतात. सुयांचे आकडे मात्र भारतीय विणकरांना परके वाटत नाहीत. आपल्याकडे चालणारे क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीचेच आहेत: आकडा जितका मोठा, सुई तितकी बारीक. दहा नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, बारा नंबर म्हणजे २.७५.

लोकरीचे तसे नाही. नमुन्यात सांगितलेली लोकर आता बहुधा बनतच नाही, आणि ‘चार प्लाय’ म्हटल्याने पदरांची संख्या कळते, जाडी कळत नाही. म्हणून आधी चार-पाच इंचांचा तुकडा विणावा, धुवावा, सपाट पसरून वाळवावा आणि मग इंचात किती टाके बसतात ते मोजावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळा स्वेटर याच्यावर उभा राहतो. ३४ इंच छातीसाठी इंचाला ७ टाके धरले तर पुढचा भाग आणि पाठ मिळून २३८ टाके होतात. हात थोडा सैल असून इंचात साडेसहाच टाके बसले, तर तेवढ्याच टाक्यांत घेर साडेछत्तीस इंचांच्या वर जातो. जुन्या घडणीची सारी ऐट अंगासरशी बसण्यात असल्याने एवढी चूक तिला सोसत नाही.

माप वाढवायचे असेल तर हाच हिशेब उलटा करायचा. ३८ इंचांना २६६ टाके लागतात, म्हणजे पुढे १४ आणि मागे १४ जास्त. जाळीची नक्षी १२ टाक्यांत पुन्हा येत असेल तर १२ टाके नक्षीत घ्यावेत आणि उरलेले दोन शिवणीच्या कडांना साधे ठेवावेत. दुसरा मार्ग जाड सुई घेण्याचा. इंचाला सव्वासहा टाके बसले की मूळचे २३८ टाकेच ३८ इंच भरतात. वीण विरळ होते खरी, पण वसंताच्या कपड्याला ते शोभूनच दिसते. उंची वाढवायची ती खालची पट्टी आणि मुंढा यांच्यामध्ये. इंचाला ९ ओळी असतील तर दोन इंचांसाठी १८ ओळी. कमरेच्या खाली बसणाऱ्या जीन्सवर घालायचा असेल तर ही वाढ हवीच. मुंढ्याचा आकार आणि फुग्याची बाही मात्र शक्यतो बदलू नये. ती सैल केली की स्वेटर जुन्या वळणाचा राहत नाही.

वसंतासाठी आखूड बाह्यांचा बारीक स्वेटर आणि वर त्याच लोकरीचा कार्डिगन, ही जोडी सर्वांत सोयीची. लंडनचा एप्रिल आणि पुण्या-नाशिकची डिसेंबरातली सकाळ यांच्या गारव्यात फारसे अंतर नसल्याने ती इथेही उपयोगी पडते. लोकर-रेशमाचा मिश्र धागा हलका आणि झुळझुळीत पडतो. सुती धागा गार असला तरी जड असतो, त्याला लवचीकपणा नसतो. त्याची कमरेची पट्टी लवकर सैल होते, म्हणून ती दोन नंबर बारीक सुईवर विणावी. फेअर आइलची नक्षी सर्वांगावर नको. एका ओळीत दोन रंग चालतात आणि न विणलेला धागा मागून जातो, त्यामुळे कापड दुपदरी होऊन उबदार बनते. थंडी ओसरताना ती खांद्यापुरती पुरे.

बारीक सुईचे काम वेळखाऊ असते. नुसत्या अंगाचेच तीस-पस्तीस हजार टाके होतात. मार्चमध्ये घालायचा स्वेटर नोव्हेंबरात सुरू केलेला बरा.

कार्डिगनच्या बटणपट्टीला मागून रेघांची जाड फीत शिवण्याची जुनी पद्धत आजही सोडू नये. तिच्यामुळे बटणांच्या ओढीने पट्टी लोंबत नाही आणि काज ताणले जात नाहीत. फीत शिवण्याआधी धुऊन घ्यावी, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि सगळी पट्टी गोळा होते.