विश्लेषण : जुन्या विटांच्या भिंतीला सिमेंट का चालत नाही?

पावसाळा सरला की जुन्या वाड्यांच्या, बंगल्यांच्या भिंतींपाशी एक गोष्ट हमखास दिसते. पायथ्याशी पांढुरकी भुकटी साचलेली असते आणि वर पाहिले तर दोन विटांमधला चुना बोटभर आत गेलेला असतो. घरमालक गवंड्याला बोलावतो, गवंडी सिमेंट-वाळू कालवतो, दोन दिवसांत भिंत करड्या रेघांनी नीटनेटकी दिसू लागते. चार-पाच पावसाळ्यांनंतर मात्र विटांचेच पोपडे गळू लागतात. करड्या रेघा शाबूत आणि मधल्या विटा खोल गेलेल्या, अशी उलटी भिंत पुणे, सातारा, वाई, नाशिक अशा जुन्या वस्तीच्या गावांत कुठेही पाहायला मिळते. हे का होते आणि योग्य दुरुस्ती कशी करायची?

‘दर्जा भरणे’ म्हणजे काय?

गवंडीकामात दोन विटांमधल्या सांध्याला दर्ज म्हणतात, अनेकवचन दर्जा. गुणवत्तेचा दर्जा तो वेगळा. झिजलेला मसाला थोडा खरवडून त्या जागी नवा दाबून बसवणे म्हणजे दर्जा भरणे, इंग्रजी वळणाने बोलणाऱ्यांचे ‘पॉइंटिंग’. काम किरकोळ वाटते. पण पाऊस भिंतीत शिरतो तो बहुतेक इथूनच आणि लाकडी तुळयांची टोके कुजतात तीही याच पाण्याने.

सगळ्यात आधी झिजतो तो गच्चीचा कठडा आणि छपराच्या वर आलेली भिंत. तिथे दोन्ही बाजूंनी पाऊस, वरून ऊन आणि आडोसा काहीच नाही. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत हेच घराच्या विटांच्या धुराड्याबाबत घडते. तिथे जुने घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना घराच्या तपासणी अहवालात चिमणीच्या सांध्यांचा उल्लेख हमखास भेटतो. धुराड्याला चारही बाजूंनी हवामानाचा मारा, त्यात धुरातले गंधकाचे अंश ओलाव्यात मिसळून सिमेंटच्या सांध्यांवर रासायनिक हल्ला करतात. ओल्या बाजूचे सांधे फुगतात आणि धुराडे हळूहळू कलते. आपल्याकडे धुराडी फारशी नाहीत, कठडे मात्र घरोघरी आहेत.

चुना आणि सिमेंट यांत फरक काय?

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिनने इंग्लंडमध्ये 1824 मध्ये घेतले. भारतात नियमित उत्पादन सुरू झाले ते पोरबंदरच्या कारखान्यात, 1914 मध्ये. साध्या घरांच्या बांधकामात सिमेंट रुळायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली. त्यामुळे आजोबा-पणजोबांनी बांधलेली विटांची भिंत चुन्यात किंवा मातीत रचलेली असण्याचीच शक्यता जास्त.

चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की मऊ लोण्यासारखा होतो. भिंतीत बसल्यावर हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषतो आणि पुन्हा दगड होतो. ही क्रिया संथ आहे. पृष्ठभाग काही आठवड्यांत कडक होतो, आतला भाग महिनोन्‌महिने घेतो. पण तयार होणारा मसाला विटेपेक्षा नरम आणि सच्छिद्र असतो आणि तीच त्याची ताकद आहे.

भिंतीत ओलावा येतोच. जमिनीतून चढतो, पावसातून शिरतो, स्वयंपाकघरातून येतो. तो कुठून तरी बाहेर पडणार. चुन्याची दर्ज असेल तर तो तिथून वाफ होऊन जातो. ओलाव्याबरोबर आलेले क्षार दर्जेच्या तोंडाशी साठतात, ज्याला आपण लोणा लागणे म्हणतो, आणि मसाला भुगा होऊन गळतो. म्हणजे पायथ्याशी दिसणारी ती भुकटी विटेचा मार स्वतःवर घेऊन पडलेली असते.

त्याच जागी घट्ट सिमेंट भरले की ओलाव्याला उरते ती वीट. क्षार आता विटेच्या आत स्फटिक होतात, फुगतात आणि तिचा भाजलेला कडक पृष्ठभाग पापुद्र्यासारखा उडवतात. एकदा तो गेला की आतली मऊ माती झपाट्याने झिजते. शिवाय ऊन-पावसात भिंत किंचित हलते. चुना ती हालचाल पोटात घेतो, सिमेंट घेत नाही आणि विटेच्या कडेने बारीक चीर पडते. पाणी त्या चिरेतून आत जाते, बाहेर येऊ शकत नाही. दर्ज दर काही दशकांनी पुन्हा भरता येते. वीट परत मिळत नाही, जुन्या मापाची तर नाहीच.

मसाला कुठला, हे कसे ओळखायचे?

किल्लीने किंवा खिळ्याने खरवडून पाहा. चुना पांढुरका-पिवळसर असतो, सहज निघतो आणि त्यात बहुधा न मिसळलेल्या चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात. सिमेंट करडे आणि टणक. ‘व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसले तर चुना’ हा सल्ला व्हिडिओंतून फिरतो. त्यावर विसंबू नये, कारण जुने सिमेंटही हवेतला वायू शोषून थोडेफार फसफसते.

दुरुस्ती कशी करायची?

घाईत बिघडतो तो पहिलाच टप्पा. दर्ज जितकी रुंद, त्याच्या दुप्पट ते अडीचपट खोल खरवडली पाहिजे. वरवर लिंपलेला पातळ थर पहिल्या पावसात गळतो. खरवडायला छिन्नी आणि हलकी हातोडी वापरावी. ग्राइंडरने काम लवकर होते हे खरे, पण त्याचे पाते विटेच्या कडा खाते आणि एकदा रुंद झालेली दर्ज कायमची रुंद दिसते. गवंड्याला रोजावर लावले तर छिन्नी चालते, चौरस फुटावर ठेका दिला तर ग्राइंडर, हा अनुभव बहुतेकांना येतो. ठेका देताना हे आधी बोलून घ्यावे.

दर्जेत पिंपळ किंवा वड उगवला असेल तर नुसता वरून कापून उपयोग नाही, तो जोमाने परत फुटतो. रोप लहान असतानाच मुळासकट काढावे. मूळ मनगटाएवढे झाले असेल तर ओढू नये, विटांसह भिंत येते. आधी जाणकाराला दाखवावे.

मग भुगा झाडून भिंत भरपूर भिजवायची, आदल्या दिवशी आणि पुन्हा भरण्याआधी. कोरडी वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि चुना कडक होण्याऐवजी भुकटी होतो. मसाल्याचे साधारण प्रमाण एक भाग चुना, अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू. निव्वळ पांढरा चुना ओलाव्यात लवकर धरत नाही, म्हणून वाळूचा काही भाग कमी करून सुरखी, म्हणजे विटांची बारीक पूड, घालण्याची जुनी पद्धत आहे आणि ती रसायनशास्त्राला धरून आहे. समुद्राची वाळू नको, तिच्यातले मीठ भिंतीत जाते. गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद यांच्या पाककृती ऐकायला छान वाटतात आणि मोठ्या जीर्णोद्धारात त्या वापरल्याही जातात. घराच्या कठड्यासाठी त्यांच्यावाचून अडत नाही. ‘मजबुतीला मूठभर सिमेंट टाकतो’ म्हणणाऱ्या गवंड्याला मात्र थांबवावे.

मसाला घट्टसर ठेवून थरांत दाबायचा, एका वेळी जेमतेम सेंटिमीटरभर. अंगठा दाबून ठसा उमटेनासा झाला की पुढचा थर. तोंड विटेच्या कडेपासून किंचित आत ठेवायचे, विटेवर पसरायचे नाही. त्यानंतर ओले गोणपाट टांगून किमान आठवडाभर हलके पाणी शिंपडत राहायचे. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, त्यामुळे चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच.

भिंत पायऱ्यापायऱ्यांनी तडकली असेल, ओळंबा सोडून फुगली असेल किंवा आतली तुळई खचली असेल, तर दर्जा भरून काही साधत नाही. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर लागतो.

खर्च कोणी करायचा?

भाड्याच्या वाड्यांत दर्जा भरल्या जात नाहीत त्याचे कारण बहुतेकदा चुना नसून हा प्रश्न असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार इमारत दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना शंभर रुपये भाडे असेल तर ही रक्कम होते वर्षाला तीनशे. तेवढ्यात परांचीचे बांबूही येत नाहीत. मालकाला तुटपुंज्या भाड्यातून खर्च परवडत नाही, भाडेकरूला कायद्याची मर्यादा पुरत नाही आणि मधल्या मध्ये पाणी मुरत राहते. काही वाड्यांत दोघे निम्मा निम्मा खर्च उचलतात. तसे ठरले तर ते लेखी करून पावत्या जपून ठेवाव्यात. इमारत वारसा यादीत असेल तर काम सुरू करण्याआधी महापालिकेच्या संबंधित विभागाकडे परवानगीची चौकशी करावी लागते.

कामाला योग्य काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या उन्हात मसाला वाळतो पण धरत नाही, आणि जूनच्या तोंडावर भरलेला चुना पहिल्या सरीत धुऊन जातो.