वैद्य आणि यंत्र यांच्यामधला इंजिनियर

बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच खल सुरू होतो : मुलाने डॉक्टर व्हावे की इंजिनियर? अलीकडे या दोहोंच्या मध्ये एक तिसरे नाव ऐकू येते, बायोमेडिकल इंजिनियरिंग. वैद्यकीयची जागा हुकली, पण इस्पितळाची ओढ सुटत नाही, अशा विद्यार्थ्याला कोणीतरी ही शाखा सुचवतो. आईबापांना वाटते, निदान अर्धा डॉक्टर तरी होईल. या समजुतीपासूनच आरंभ करणे बरे. हा पदवीधर अर्धा डॉक्टर नव्हे. रोग्यावर उपचार करण्याचा त्याला अधिकार नाही. तो पुरता इंजिनियरच आहे. मात्र त्याचे यंत्र ज्याला जोडले जाते ते माणसाचे शरीर असते, एवढाच फरक. आणि हा फरक लहान नाही.

ईसीजीचेच उदाहरण घेऊ. हृदयाच्या आकुंचनाबरोबर उठणारा विद्युत्संकेत छातीच्या त्वचेवर मिळतो, तेव्हा तो जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग असतो. त्याच खोलीत २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तनांचा घरगुती वीजप्रवाह खेळत असतो व त्याची बाधा तारांतून आत शिरते. त्या गोंगाटातून हृदयाचा क्षीण संकेत निवडून काढायचा, आणि यंत्रातील प्रवाह मात्र रोग्याच्या अंगात उतरू द्यायचा नाही, असे हे दुहेरी काम आहे. त्याला विजेचे ज्ञान हवे, तसेच शरीरक्रियेचेही हवे. ही शाखा निघाली ती याच गरजेतून.

आता पदवी हाती आल्यावर पुढे काय? स्थूलमानाने चार वाटा दिसतात.

पहिली वाट इस्पितळाची. यंत्र विकत घेताना पारख करणे, ते बसवून घेणे, ठरावीक मुदतीने त्याची मापे तपासणे, बिघडल्यास दुरुस्त करणे किंवा करवून घेणे, आणि परिचारिकांना ते वापरायला शिकवणे, ही येथील कामे. बाहेरून पाहणाऱ्याला हे मिस्त्रीकाम वाटते. परंतु राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वतीने देशातील सरकारी आरोग्यकेंद्रांतील यंत्रांची मोजदाद झाली, तेव्हा २९,११५ केंद्रांत ७,५६,७५० उपकरणे आढळली. आणि त्यांपैकी बंद पडलेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या राज्यांत शेकडा १३ ते ३४ इतके होते. जनतेच्या पैशाने घेतलेले यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते आणि रोगी पन्नास मैलांवरच्या शहराची वाट धरतो, हा त्या आकड्यांचा अर्थ. पुढे अशा यंत्रांच्या देखभालीची स्वतंत्र योजना आखण्यात आली, आणि तिच्यातून या पदवीधरांना काम मिळू लागले.

दुरुस्तीला हलके लेखणाऱ्यांसाठी अमेरिकेतील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. मिनियापोलिस शहरात अर्ल बाकेन हा इंजिनियर १९४९ पासून एका गॅरेजमध्ये इस्पितळांची उपकरणे दुरुस्त करीत असे. त्या काळी हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या बालकांना जोडलेले पेसमेकर भिंतीतल्या विजेवर चालत. १९५७ च्या ऑक्टोबरअखेर शहराची वीज गेली आणि त्या व्यवस्थेतला धोका उघड झाला. शल्यचिकित्सक लिलहाय यांनी बाकेनला विचारले, यावर काही तोड निघेल का? काही आठवड्यांतच बाकेनने ट्रान्झिस्टर वापरून, बॅटरीवर चालणारी आणि अंगावर बाळगता येणारी छोटी पेटी तयार केली. दुरुस्तीच्या निमित्ताने त्याचा इस्पितळात राबता होता, म्हणूनच हा प्रश्न त्याच्यापर्यंत आला.

दुसरी वाट यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांची. येथे विक्री, बसवणी, देखभाल व डॉक्टरांना प्रात्यक्षिक दाखवणे, अशी कामे असतात. फिरती पुष्कळ, वेळी-अवेळी बोलावणे ठरलेले; पण अनेक यंत्रे अल्पकाळात हाताखालून जातात, हा मोठा लाभ.

तिसरी वाट यंत्रे घडवण्याची व तपासण्याची. आपल्या देशातील बरीचशी मोठी वैद्यकीय यंत्रे आजही परदेशातून येतात. तरी स्वदेशी प्रयत्न झाला नाही असे नाही. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. पहिले तीन नमुने फसले, चौथा उतरला, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम रोग्याच्या हृदयात बसवण्यात आली. हृदय मिनिटाला ७२ ठोके देते असे धरले, तर अशी झडप वर्षाला पावणेचार कोटी वेळा उघडते व मिटते. कोणता धातू, कोणते प्लास्टिक हे सोसेल, हा प्रश्न एकट्या शल्यचिकित्सकाला सुटणारा नव्हे. तेथे इंजिनियर पाहिजेच.

याच वाटेवर कायद्याचे कामही येते. भारतात २०१७ साली वैद्यकीय उपकरणांचे नियम झाले आणि ते १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. जीभ दाबून धरण्याच्या साध्या पट्टीपासून हृदयाच्या झडपेपर्यंत सर्व उपकरणांची जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी अशी चार वर्गांत विभागणी होते. परवान्यासाठी चाचण्या, कागदपत्रे व गुणवत्तेची व्यवस्था दाखवावी लागते. हे काम नीरस दिसते, पण कारखान्यांना जाणती माणसे लागतात ती येथेच.

चौथी वाट उच्च शिक्षण व संशोधनाची. गेट परीक्षेत २०२० पासून या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात इंजिनियर आणि डॉक्टर शेजारी-शेजारी बसून शिकतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी : कर्करोगाच्या किरणोपचारातील मेडिकल फिजिसिस्ट हे पद वेगळे आहे. त्याचा पाया भौतिकशास्त्राच्या पदवीचा आहे, इंजिनियरिंगच्या नव्हे.

अडचणीही झाकून ठेवता कामा नयेत. लहान इस्पितळे असा इंजिनियर नेमण्यास राजी नसतात. कित्येक जाहिरातींत 'इलेक्ट्रॉनिक्स' शाखा मागितलेली असते आणि या शाखेचे नावच नसते. प्रारंभीचे वेतन बेताचे, म्हणून पुष्कळ मुले सॉफ्टवेअरकडे वळतात. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. विद्यार्थ्यांना इस्पितळात प्रत्यक्ष किती दिवस काम करायला मिळते? प्रयोगशाळेतील यंत्र उघडून पाहण्याची त्यांना मुभा आहे का? आणि मागील तुकडीतील मुले आज नेमकी कोठे आहेत? उत्तरे गुळमुळीत मिळाली, तर इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन पदव्युत्तर शिक्षणात इकडे वळणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

शेवटचे मागणे विद्यार्थ्यांकडे नव्हे, आपणा नागरिकांकडे आहे. गावात इस्पितळासाठी वर्गणी निघते, यंत्र येते, फीत कापली जाते, देणगीदाराच्या नावाची पाटीही लागते. त्या समारंभात एखाद्याने उठून एवढेच विचारावे की, उद्यापासून या यंत्राची निगा कोण राखणार? त्या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर देता येईल, त्या दिवशी या मुलांची सोय होईल आणि रोग्याचीही.