शोरूमचे तारे किती खरे?

आपल्या कार्यक्रमाला एका श्रोत्या ताईंचा प्रश्न आला आहे. त्या विचारतात, "डब्यांच्या धंद्यासाठी जुनी व्हॅन घ्यायची आहे. मोबाइलवर एका डीलरच्या नावापुढे ४.८ तारे दिसतात आणि 'शिफारस केलेला' असंही लिहिलं आहे. तिथे निर्धास्त जावं का?" प्रश्न एकटीचा नाही. गाडी म्हणजे आपल्या घरातला मोठा खर्च. बचत गटाचं कर्ज, मोडलेली एफडी, कधी गहाण ठेवलेलं सोनं, एवढं सगळं त्यात गेलेलं असतं. म्हणून आज या ताऱ्यांची गोष्ट नीट समजून घेऊ.

सगळ्यात आधी विचारायचं, हे तारे दिले कधी? बहुतेक वेळा गाडी ताब्यात मिळते त्या दिवशी. गाडीला हार घातलेला असतो, नारळ फोडलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात आणि मुलं मागच्या सीटवर जाऊन बसलेली असतात. तेवढ्यात विक्रीचा मुलगा नम्रपणे म्हणतो, "मॅडम, तेवढे पाच तारे द्या ना. कंपनीकडून फोन आला तर दहापैकी दहा सांगा." पुष्कळ ठिकाणी त्याचा भत्ता या गुणांवर ठरतो. आपल्यालाही वाटतं, बिचाऱ्याने चहा दिला, फोटो काढले, आपलं काय जातं? देतो आपण पाच तारे.

पण त्या क्षणी आपल्याला अनुभव कशाचा असतो? फक्त स्वागताचा. पहिलं सर्व्हिसिंग अजून व्हायचं असतं. आरसी हातात यायची असते. विम्याचा दावा करायची वेळ आलेली नसते. डीलरची खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते आणि तारे तर आधीच देऊन झालेले असतात. म्हणजे ते खोटेच असतात असं नाही. ते लग्नाच्या मांडवात विचारलेल्या "सासर कसं आहे?" या प्रश्नाच्या उत्तरासारखे असतात.

दुसरी गोष्ट सरासरीची. समजा, एका डीलरला २०० जणांनी तारे दिले. १७० जणांनी पाच, १० जणांनी चार आणि २० जणांनी एक. सरासरी येते ४.५५. आकडा छान दिसतो. पण याचा अर्थ दर दहा माणसांत एक माणूस हात पोळून परत आला. त्याचं काय बिघडलं, हे सरासरी सांगत नाही, ते वाचावं लागतं. उलट एखाद्याला फक्त बाराच जणांनी पाच-पाच तारे दिले असतील, तर ते बारा घरचेही असू शकतात.

आता 'शिफारस केलेला' या शब्दाकडे येऊ. शिफारस कोणी केली? शोधयादीत सगळ्यात वर येणारी काही नावं पैसे देऊन वर आलेली असतात. शेजारी बारीक अक्षरात 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात' लिहिलेलं असतं, तेवढं पाहायचं. शेजारणीने केलेली शिफारस आणि विकत घेतलेली जागा यांत फरक आहे.

विकतचे अभिप्राय हा प्रकार सरकारलाही ठाऊक आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. विकत घेतलेले किंवा विक्रेत्याच्या माणसांनी लिहिलेले अभिप्राय छापू नयेत, असं त्यात अपेक्षित आहे. पण हे मानक आणलं ते ऐच्छिक म्हणून. त्यामुळे पारख आपणच करायची.

ती कशी करायची? अभिप्राय 'नवे आधी' असे लावून घ्या. मग दोन आणि तीन तारेवाले वाचा. ही माणसं फार खूश नसतात, फार चिडलेलीही नसतात, त्यामुळे नेमकं सांगतात. एकच तारा देणारा कधी नुसत्या रागाने लिहितो, कधी प्रतिस्पर्धीही असतो. म्हणून एका तक्रारीवर डीलरला फुली मारू नका. तीच तक्रार तीन वेगळ्या माणसांनी वेगळ्या महिन्यांत केली असेल, तर मात्र सावध व्हा. आरसी, एनओसी, बुकिंगचे पैसे परत, विमा, सर्व्हिसिंग हे शब्द शोधा. तक्रारीला डीलरने काय उत्तर दिलं तेही पाहा. "फोन करा" एवढंच लिहिलं आहे, की काम केलं आहे? एकाच दिवशी एकसारख्या भाषेतले दहा अभिप्राय आले असतील, तर ते बाजूला ठेवा. आणि बायकांनी लिहिलेले अभिप्राय आवर्जून वाचा. एकटी बाई गेली की तिच्याशी बोलतात, की "मिस्टरांना घेऊन या" म्हणतात, हे तिथेच कळतं.

एवढं करूनही काही गोष्टी तारे सांगूच शकत नाहीत. त्या कागदावर पाहाव्या लागतात. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते दाखवायला सांगा. आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद आहे का पाहा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा, नाहीतर गाडी तुमच्या दारात आणि हक्क बँकेचा, अशी गत होते. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख आणि विमा तपासा, थकलेली चलनं पाहा. नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० कोण, कधी भरणार ते लिहून घ्या. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. त्याची मजुरी पुढच्या खर्चापुढे काहीच नाही. नवी गाडी घेत असाल तर सगळ्या रकमा वेगवेगळ्या लिहिलेलं कोटेशन मागा. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरही दर विचारा.

आणि फसवणूक झालीच तर? जाहिरात, मेसेज, पावत्या सगळं जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातून घेतली असली, तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करू शकता.

शेवटी एक काम आपल्याकडेही आहे. गाडी ताब्यात घेताना कोणी तारे मागितले, तर हसून म्हणा, "सहा महिन्यांनी नक्की देते." आणि मग खरंच द्या. आरसी किती दिवसांत मिळाली, सर्व्हिसिंगचं बिल सांगितल्याप्रमाणे आलं का, तक्रार ऐकली का, असं चार ओळींत लिहा. चांगलं असेल तर चांगलंही लिहा. तुमच्या त्या चार ओळी वाचून दुसऱ्या कुठल्या गावातली एखादी बाई आपले साठवलेले पैसे कुठे द्यायचे, हे ठरवणार आहे.