एडी लँग : जॅझसंगीतातील गिटार आणि निनावी साथ

१९२८ व १९२९ या दोन वर्षांत न्यूयॉर्क येथे ‘ओके’ या कंपनीने दोन गिटारींच्या युगलवादनाच्या काही ध्वनिमुद्रिका तयार केल्या. त्यांच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदी चकतीवर दोन वादकांची नावे आढळतात : लॉनी जॉन्सन आणि ब्लाइंड विली डन. पैकी लॉनी जॉन्सन हा न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णीय वादक व गायक. ब्लाइंड विली डन या नावाचा अंध वादक मात्र त्या मुद्रणगृहात कधी आलाच नव्हता. त्या नावाने वाजविणारा मनुष्य डोळस होता, गोरा होता, आणि न्यूयॉर्कच्या मुद्रणगृहांत त्या काळी ज्याला सर्वाधिक मागणी होती असा गिटारवादक होता. त्याचे व्यावसायिक नाव एडी लँग. आणि तेही त्याचे जन्मनाव नव्हे.

जॅझचा इतिहास बहुधा एकलवादकांच्या नावांभोवती गुंफला जातो. कॉर्नेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांवर कोणी कोणती झेप घेतली, याची नोंद त्यात काळजीपूर्वक केलेली असते. त्या झेपेखालची जमीन कोणी तयार केली, हे मात्र पुष्कळदा अनुक्त राहते. लँगची खरी कामगिरी या अनुक्त भागात आहे. जॅझमध्ये बँजो हटून गिटार स्थिरावली ती मुख्यत्वे साथीच्या मार्गाने, आणि तो मार्ग आखण्यात लँगचा वाटा सर्वांत मोठा होता.

साल्वातोरे मस्सारो याचा जन्म २५ ऑक्टोबर १९०२ रोजी फिलाडेल्फिया शहरात, इटलीहून आलेल्या एका कुटुंबात झाला. वडील तंतुवाद्ये बनविणारे कारागीर असल्याने वाद्य हाती येण्यास विलंब लागला नाही. आरंभीचे शिक्षण व्हायोलिनचे झाले. शाळेत त्याला जो व्हेनुटी हा सोबती मिळाला. पुढे हा जॅझमधील पहिल्या प्रतीचा व्हायोलिनवादक ठरला. ‘एडी लँग’ हे नाव त्याने बालपणीच्या एका आवडत्या बास्केटबॉल खेळाडूवरून उचलले असे सांगतात. विसाव्या वर्षाच्या सुमारास तो फिलाडेल्फियातील नृत्यवृंदांत बँजो वाजवून उपजीविका करीत होता. १९२४ साली तो रेड मॅकेंझीच्या ‘माउंड सिटी ब्लू ब्लोअर्स’ या पथकात शिरला आणि त्याच पथकाबरोबर लंडनलाही जाऊन आला.

या पथकाची घडण मोठी विचित्र होती. मॅकेंझी कागद गुंडाळलेल्या फणीवर फुंकर घालून स्वर काढी, दुसरा एक जण कझू वाजवी आणि तिसऱ्याजवळ बँजो असे. खर्जाचे वाद्य नाही, पियानो नाही. त्यामुळे खालचा स्वर, स्वरसंघात आणि लय हे तिन्ही भार एकट्या गिटारवर येऊन पडले. लँगच्या पुढील शैलीचे बीज बहुधा या सक्तीच्या शिक्षणात असावे. थोडक्या वाद्यांच्या मेळात एकाच वाद्याने तिघांचे काम कसे करावे, हे त्याला येथे शिकावे लागले.

त्या काळी बँजोचे वर्चस्व का होते, हे समजण्यासाठी मुद्रणाची रीत लक्षात घेतली पाहिजे. १९२५ पूर्वी वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवीत. ध्वनीच्या दाबाने कर्ण्यामागील पडदा हले, आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. या यंत्राला तीव्र, टणत्कारी आवाज चांगला पकडता येई. बँजोचा कातड्यावर उमटणारा कोरडा आघात त्यात स्पष्ट उतरे. गिटारचा मृदू, रेंगाळणारा स्वर इतर वाद्यांच्या गर्दीत हरवून जाई. नाचघरांतही ध्वनिवर्धक नसल्याने हाच न्याय लागू पडे. १९२५ साली व्हिक्टर व कोलंबिया या कंपन्यांनी विद्युत्‌मुद्रणाची पद्धत स्वीकारली. मायक्रोफोनला केवळ मोठा आवाज नको होता. हलका आवाजही तो टिपू शके, आणि कोणते वाद्य किती जवळ ठेवायचे हे ठरवून त्यांतील समतोल राखता येई. तथापि केवळ यंत्र बदलले म्हणून वाद्य बदलले, असे मानणे बरोबर होणार नाही. मायक्रोफोनने दार उघडले एवढेच. आत येऊन काय वाजवायचे, हा प्रश्न शिल्लक होता. बँजोवाल्याचेच ठोके गिटारवर वाजविले असते, तर बदलाला काही प्रयोजनच राहिले नसते.

लँगचे उत्तर कोणते, हे ४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुद्रित झालेल्या ‘सिंगिंग द ब्लूज’ या ध्वनिमुद्रिकेत स्पष्ट ऐकू येते. ती प्रसिद्ध आहे फ्रँक ट्रमबावरच्या सॅक्सोफोनसाठी आणि बिक्स बायडरबेकच्या कॉर्नेटसाठी. अभ्यासकांनी त्या दोन एकलवादनांचे स्वरन् स्वर लिहून काढले आहेत. परंतु एकदा कान मुद्दाम खाली वळवून ऐकावे. ट्रमबावर आपला आलाप संथपणे उलगडीत असता गिटार प्रत्येक मात्रेवर संपूर्ण स्वरसंघात आपटीत नाही. ती तो संघात मोडते, त्याचे स्वर एकामागून एक सोडते, मध्येच मंद्र तारांवरून एक छोटी वाट काढून पुढच्या संघातापर्यंत जाते, आणि मुख्य वादकाने श्वास घेतला की त्या पोकळीत दोनचार स्वरांचे उत्तर ठेवते. लय कोठेही ढळत नाही, पण ती ठोक्यांनी सांगितली जात नाही. चांगल्या सारंगियाची साथ ज्याने ऐकली आहे त्याला या वृत्तीची ओळख पटेल. पद्धती मात्र सर्वस्वी भिन्न आहे, कारण सारंगी गायकाच्या स्वरामागून जाते, तर येथे साथीदार मुख्य स्वराखाली स्वतंत्र स्वरसंघात उभे करीत असतो. त्याच वर्षीच्या ‘फॉर नो रीझन अ‍ॅट ऑल इन सी’ या मुद्रिकेत ट्रमबावर, मुख्यतः पियानोवर बसलेला बायडरबेक आणि लँग असे तिघेच आहेत. ढोल नाही, बँजो नाही, आणि कशाची उणीवही भासत नाही.

व्हेनुटीबरोबरची युगलवादने १९२६ पासून निघू लागली. १९२७ साली लँगने स्वतंत्र गिटारवादनेही मुद्रित केली. त्यांत ‘एडीज ट्विस्टर’ सारखी स्वतःची रचना आहे आणि रशियन रचनाकार राखमानिनोफ याच्या पियानोसाठी लिहिलेल्या प्रील्यूडचे गिटाररूपही आहे. व्हायोलिन आणि गिटार यांचा जो संवाद या दोघांनी सिद्ध केला, त्याची पुढची पायरी १९३४ साली पॅरिसमध्ये जँगो राइनहार्ट व स्टेफान ग्रापेली यांच्या पथकात दिसते. स्वतंत्र वादनांत लँग काहीसा बेतलेला, संकोची वाटतो, हे मान्य केले पाहिजे. तो खुलतो तो दुसऱ्याच्या सान्निध्यात.

ब्लाइंड विली डनचे प्रकरणही याच संदर्भात पाहावे लागते. अमेरिकन कंपन्या त्या काळी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी वेगळी मालिका काढीत. ‘ओके’ची ८००० पासून सुरू होणारी क्रमांकमाला ही त्यांपैकी एक. त्या मालिकेत गोऱ्या वादकाचे नाव छापणे कंपनीला सोयीचे नव्हते, आणि अनेक ब्लूज गायकांच्या नावामागे ‘ब्लाइंड’ हे विशेषण लागत असल्याने तसले नाव बाजारात खपण्याजोगे होते. मुद्रणगृहात दोन वर्णांचे वादक एका मायक्रोफोनपुढे बसत. दुकानाच्या फळीवर मात्र त्यांची फारकत होई. सुमारे दहा युगलवादनांपैकी बहुतेकांत जॉन्सन वरची स्वरावली वाजवितो आणि लँग तिला आधार देतो. लँगच्या हातून लय आणि खर्ज जणू पियानोतून आल्याप्रमाणे येत, अशा आशयाची आठवण जॉन्सनने उत्तरायुष्यात सांगितली आहे.

५ मार्च १९२९ रोजी लुई आर्मस्ट्राँगने मुद्रित केलेल्या ‘नॉकिंग अ जग’ मध्ये लँग आहे. वर्णमिश्र वृंदाच्या आरंभीच्या मुद्रणांत तिची गणना होते, पण चकतीवर नाव एकट्या आर्मस्ट्राँगचे आणि त्याच्या ‘ऑर्केस्ट्रा’चे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बेसी स्मिथच्या ‘किचन मॅन’ या गीतामागे क्लॅरन्स विल्यम्सचा पियानो आणि लँगची गिटार आहे. असे कितीतरी. आज जे सूचिकार कोणत्या मुद्रिकेत कोण वाजवितो हे निश्चित करतात, त्यांना कंपन्यांच्या दप्तरांइतकाच कानांवर विश्वास ठेवावा लागतो, आणि कान सर्वांचे सारखे नसतात. ब्लाइंड विली डनच्याच नावे निघालेल्या एका चार-पाच जणांच्या मेळातील कॉर्नेट किंग ऑलिव्हरचा की दुसऱ्या कोणाचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. लँगच्या बाबतीत मात्र अशी अडचण फारशी येत नाही. नखीचा भरीव आघात, पोलादी तारांचा गोल स्वर आणि मोडून मांडलेले संघात यांवरून तो ओळखू येतो. नाव छापले नाही तरी स्वाक्षरी आतच राहिली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्याला ‘जॅझ गिटारचा जनक’ ही पदवी सर्रास दिली जाते. ती जपून वापरावी. निक लूकस याची स्वतंत्र गिटारवादने १९२२ सालीच मुद्रित झाली होती. आणि एकेका तारेवर वाहती स्वरावली रचण्यात स्वतः लॉनी जॉन्सन लँगच्या पुढे होता, हे त्यांच्या युगलवादनांतच ऐकू येते. १९२७ च्या डिसेंबरात आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’बरोबर गिटार वाजविणारा जॉन्सनच होता. जनकत्वाचा मान एका गोऱ्या वादकाकडे इतक्या सहजतेने जावा, यात त्या विभक्त क्रमांकमालांचा हात कितपत आहे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

१९२९ साली लँग व व्हेनुटी पॉल व्हाइटमनच्या प्रचंड वाद्यवृंदात गेले आणि १९३० च्या ‘किंग ऑफ जॅझ’ या बोलपटात दिसले. त्या वृंदाच्या सर्व रचनांतील आपल्या जागांच्या खुणा लँगने एका लहानशा कार्डावर टिपून ठेवल्या होत्या, अशी आख्यायिका सहकाऱ्यांत प्रचलित होती. पुढे तो बिंग क्रॉस्बीचा साथीदार झाला. मायक्रोफोनशी कुजबुजल्याप्रमाणे गाणाऱ्या या गायकाला तशीच हलकी साथ हवी होती, आणि १९३२ च्या ‘द बिग ब्रॉडकास्ट’ या चित्रपटात तो क्रॉस्बीच्या शेजारी वाजविताना दिसतो. त्याच वर्षी कार्ल क्रेसबरोबर त्याने दोन युगलवादने मुद्रित केली. त्यांत साथ कोणती आणि मुख्य वादन कोणते, हे वेगळे करणे कठीण आहे.

लँगला घशाचा जुना विकार होता. क्रॉस्बीच्या आग्रहावरून त्याने गलग्रंथींची शस्त्रक्रिया करविली. त्यातून तो उठला नाही. २६ मार्च १९३३ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचे वय तीस होते. याच सुमारास ड्यूक एलिंग्टनच्या वृंदातील फ्रेड गाय यानेही बँजो बाजूला ठेवून गिटार हाती घेतली होती.