ओढ्याच्या काठचा हिशेब

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या वायव्येला कॅरिझो प्लेन नावाचे उघडेबोडके गवताळ माळरान आहे. टेंब्लर डोंगररांगेतून उतरणारा वॉलेस क्रीक हा तिथला ओढा बहुतेक काळ कोरडाच असतो. डोंगरातून तो नीट सरळ खाली येतो, पायथ्याशी काटकोनात उजवीकडे वळतो, सुमारे 130 मीटर आडवा जातो आणि मग डावीकडे वळून पुन्हा उताराला लागतो. मध्ये खडक नाही, टेकडी नाही. अडथळा असा दिसत नाहीच, कारण वळण घेतले ते पाण्याने नव्हे, जमिनीने.

ओढा ओलांडतो ती रेषा म्हणजे सॅन अँड्रियास भ्रंश. त्याच्या पश्चिमेची पॅसिफिक भूपट्टी उत्तर अमेरिकी भूपट्टीला घासत वायव्येकडे सरकते. ओढ्याचा खालचा भाग तिच्याबरोबर गेला, वरचा जागेवर राहिला.

भ्रंश किती वेगाने सरकतो, हे काढण्याचे गणित शाळकरी आहे: अंतर भागिले काळ. अंतर टेप लावून मोजता येते. खरी मारामारी काळाची. केरी सीह आणि रिचर्ड जान्स या भूवैज्ञानिकांनी वॉलेस क्रीकच्या परिसरात चर खणले, गाळाचे थर वाचले आणि त्यांत सापडलेल्या कोळशाचे वय रेडिओकार्बन पद्धतीने काढले. वळसा फार लांबला, तेव्हा ओढ्याने जुना मार्ग सोडून भ्रंशापलीकडे सरळ नवी वाट फोडली होती. हे घडले साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वी. आजचे सगळे वाकडेपण त्यानंतरचे. 1984 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे उत्तर होते वर्षाला सुमारे 34 मिलिमीटर. तिथलाच आणखी जुना, पंख्यासारखा पसरलेला गाळ 13,250 वर्षांत 475 मीटर सरकला होता. त्यावरून वेग निघाला सुमारे 36 मिलिमीटर. इतक्या वेगळ्या कालखंडांची उत्तरे इतकी जवळ यावीत, हे भूशास्त्रात रोज घडत नाही.

पण ही सरासरी आहे, आणि सरासरीने माणूस फसतो. कॅरिझोतला भ्रंश दरवर्षी 34 मिलिमीटर सरकत नाही. तो घट्ट अडकलेला आहे. एरवी शून्य आणि भूकंपात एकदम काही मीटर. उत्तरेला हॉलिस्टर गावाजवळ याच भ्रंशाचा स्वभाव निराळा. तिथे तो गुपचूप, सतत सरकतो आणि वर बांधलेल्या भिंतींना हळूहळू तडे देतो. अडकलेल्या भागात जीपीएसची केंद्रे उपयोगी पडतात: भ्रंशापासून दूरची केंद्रे पुढे सरकत राहतात, लगतची मात्र एकमेकांना धरून असतात. मधला फरक म्हणजे खडकात साठत चाललेला ताण, भ्रंशाची थकबाकी.

थकबाकी फिटते भूकंपात. 9 जानेवारी 1857 रोजी फोर्ट तेहोनच्या सुमारे 7.9 क्षमतेच्या भूकंपाने हा भाग फाटला. वॉलेस क्रीकजवळच्या लहान ओघळी नऊ-साडेनऊ मीटर सरकलेल्या दिसत होत्या, म्हणून ते सगळे त्या एका धक्क्याचे मानले गेले. दरवर्षी 34 मिलिमीटरप्रमाणे एवढे साठायला पावणेतीनशेच्या आसपास वर्षे लागतात. म्हणजे पुढचा मोठा भूकंप अजून लांब, असा दिलासादायक निष्कर्ष निघत होता.

2010 मध्ये तो डळमळला. विमानातून लेसर किरण सोडून जमिनीचा बारीक उठाव टिपणाऱ्या लायडार तंत्राने पाहिले, तेव्हा पाच मीटरच्या आसपास सरकलेल्या, पूर्वी नजरेतून सुटलेल्या कितीतरी ओघळी सापडल्या. नऊ-दहा मीटर ही बहुधा दोन भूकंपांची बेरीज होती! त्याच सुमारास जवळच्या बिडार्ट फॅन इथल्या चरांवरून गेल्या सुमारे सातशे वर्षांतल्या भूकंपांमधले सरासरी अंतर 88 वर्षे निघाले. वेग तोच राहिला. बदलली ती एका हप्त्याची रक्कम.

1857 नंतर इथे तसा भूकंप झालेला नाही. एकशे पासष्टहून अधिक वर्षे गुणिले 34 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच मीटरहून जास्त. नव्या मोजणीप्रमाणे 1857 साली इथली जमीन साधारण पाच मीटर सरकली होती.