घर घ्यावे की थांबावे? पडत्या भावाचा खरा हिशेब

गोंदियाच्या बाजारात घराचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे हमखास भेटतात. एक म्हणतो, "आज घ्या, उद्या हाती लागणार नाही." दुसरा म्हणतो, "घाई करू नका, भाव उतरत आहेत, आणखी उतरतील." पहिला बहुधा दलाल असतो आणि दुसरा बहुधा स्वतः भाड्याच्या घरात राहत असतो. या दोघांच्या मधे तो गृहस्थ सापडतो, ज्याने दहा-बारा वर्षे पोटाला चिमटा घेऊन काही रक्कम जमविली आहे, ज्याच्या दोन खोल्यांत सहा माणसे राहतात आणि ज्याच्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. एक चुकीचा सौदा झाला तर त्याची आयुष्याची कमाई जाते. चुकीने थांबला तर मुलांचे बालपण भाड्याच्या खोलीत सरते. म्हणून या प्रश्नाचा विचार अफवेवर नव्हे, तर हिशेबावर झाला पाहिजे.

भाव पडतात, हे खरे आहे

जमिनीचा भाव कधी खाली येत नाही, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. मुंबईत 1995 च्या सुमारास जागेच्या किमती इतक्या चढल्या होत्या की नरिमन पॉईंटचे कार्यालयीन भाडे जगातील सर्वांत महागड्या भाड्यांत गणले जाई. त्यानंतर चढ थांबला आणि पुढील काही वर्षे भाव उतरत राहिले. जपानमध्ये 1991 नंतर जमिनीचे भाव दीर्घकाळ घसरत गेले. अमेरिकेत 2006 मध्ये घरांचे भाव शिखरावर पोहोचले आणि 2012 पर्यंत सरासरीने एक चतुर्थांशाहून अधिक खाली आले.

या सर्व ठिकाणी मोडला तो प्रामुख्याने कर्जदार. ज्याने व्याजाच्या पैशाने, पुढे नफ्यात विकण्याच्या इराद्याने जागा घेतली, त्याच्या गळ्यात हप्ता राहिला आणि मालाची किंमत गेली. ज्याने स्वतःच्या पैशाने राहण्यासाठी घर घेतले, त्याचे छप्पर डोक्यावर कायम होते. भाव कागदावर उतरले, पण त्याला घर सोडावे लागले नाही. इस्लामने व्याज निषिद्ध ठरविले आहे, त्यामागील एक शहाणपण अशा मंदीच्या काळात उघड्या डोळ्यांनी दिसते.

गोंदियात मंदी कशी ओळखावी?

मुंबईत भाव पडले की वृत्तपत्रात मथळा येतो. गोंदियासारख्या शहरात तसे होत नाही. येथे विकणारा बहुधा बिल्डर नसून एखादा शेतकरी, व्यापारी किंवा निवृत्त कर्मचारी असतो. त्याच्यावर बँकेचा तगादा नसतो, म्हणून तो भाव कमी करीत नाही, सौदाच थांबवून ठेवतो. मागणी तीच राहते, गिऱ्हाईक मात्र येत नाही.

याला भाव स्थिर आहे असे म्हणणे चुकीचे होय. समजा, एखाद्या घराची किंमत 20 लाख होती आणि पाच वर्षांनंतरही 20 लाखच आहे. महागाई वर्षाला 5 टक्के धरली तर आजचे 20 लाख म्हणजे त्यावेळचे सुमारे 15 लाख 67 हजार. भाव एक रुपयाने न उतरता घर पाचव्या हिश्श्याहून अधिक स्वस्त झाले. अर्थात ज्याची कमाई महागाईबरोबर वाढली त्याच्यासाठीच.

या जिल्ह्याचा पैसा धानाच्या मागे चालतो. राईस मिल, अडत, हमाली, वाहतूक हे सारे एका साखळीत आहे. 20 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि ती सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा खुली केली. अशा निर्णयाचा परिणाम मिलच्या गल्ल्यावर होतो, आणि ज्याचा गल्ला आटला तो प्लॉट घेत नाही, असला तर विकायला काढतो. म्हणून घर घेणाऱ्याने दलालाच्या बोलण्यापेक्षा धानाच्या बाजाराकडे कान द्यावा. एकाच वस्तीत "विकणे आहे" अशा किती पाट्या सहा महिन्यांनंतरही तशाच आहेत, हे स्वतः फिरून पाहावे. झालेल्या सौद्यांचे आकडे नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक 2 मध्ये मिळतात. मागितलेला भाव आणि झालेला भाव यांतले अंतर तेथे कळते.

घोषणांच्या भावापासूनही सावध असावे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पुढे तिरोड्याचा वीज प्रकल्प आला, 2016 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, बिरसी विमानतळावरून प्रवासी विमाने उडाली. प्रत्येक वेळी "आता भाव थांबणार नाहीत" हेच ऐकू येते. विकासाचे स्वागत आहे, पण दहा वर्षांनी येणाऱ्या रस्त्याची किंमत आजच्या प्लॉटमध्ये मोजून देण्याचे कारण नाही.

थांबण्याचीही किंमत असते

आता मुख्य हिशेब. समजा घराची किंमत 20 लाख आहे आणि तेवढी रक्कम जवळ आहे. सध्याचे भाडे महिना 6 हजार, म्हणजे वर्षाला 72 हजार. स्वतःच्या घराला घरपट्टी व डागडुजीचे 12 हजार धरले तर मालकीमुळे वर्षाला 60 हजार वाचतात, म्हणजे किमतीच्या 3 टक्के. भाव वर्षाला 3 टक्क्यांहून कमी उतरत असेल तर थांबणारा तोट्यात आहे.

यात मुसलमान गृहस्थाने आणखी एक बाब धरली पाहिजे. राहत्या घरावर जकात नाही, परंतु घरासाठी साठविलेल्या रकमेवर, ती निसाबच्या वर असून चांद्र वर्ष पूर्ण झाले असल्यास, बहुसंख्य उलमांच्या मते जकात आहे. 20 लाखांवर अडीच टक्क्यांनी ती 50 हजार होते. जकात हा तोटा नव्हे, ती इबादत आहे आणि ती चुकविण्यासाठी घाईने घर घेणे शोभत नाही. पण जो म्हणतो "पैसा पडून आहे, थांबायला काय जाते?" त्याने हेही लिहून ठेवावे की भाडे आणि जकात मिळून वर्षाला 1 लाख 10 हजार, म्हणजे साडेपाच टक्के रक्कम हातून जाणार आहे. दोन वर्षांत घर 10 टक्क्यांनी, म्हणजे 2 लाखांनी उतरले तरी त्याच्या पदरात काही पडत नाही.

व्यापाऱ्याचे उत्तर मात्र वेगळे येते. तेच 20 लाख दुकानात फिरत असतील आणि वर्षाला 8 टक्के हलाल नफा, म्हणजे 1 लाख 60 हजार मिळत असतील, तर भांडवल काढून विटांत घालणे शहाणपणाचे नाही. जकात तर चालत्या मालावरही आहेच, पण नफा भाड्याला पुरून उरतो. म्हणजे एकाच गल्लीतील पगारदाराने आज घ्यावे आणि दुकानदाराने थांबावे, हे दोन्ही बरोबर असू शकते. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घ्यावे, हा हिशेब नव्हे.

तिसरा आकडा खर्चाचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी व वकील मिळून किमतीच्या सहा-सात टक्के जातात. 20 लाखांवर 7 टक्के म्हणजे 1 लाख 40 हजार, जवळजवळ दोन वर्षांचे भाडे. म्हणून ज्याची बदली होणार आहे किंवा ज्याला चार वर्षांत पुन्हा विकावे लागेल, त्याने पडत्या भावात तरी घर घेऊ नये.

स्वस्त सौद्यातील फसगत

मंदीत स्वस्त माल पुढे येतो, तसा सदोष मालही येतो. आपल्या भागात काही गोष्टी विशेष करून तपासल्या पाहिजेत.

पहिली, झुडपी जंगल. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत, ज्यात गोंदियाही आहे, महसुली नोंदीत झुडपी जंगल म्हणून असलेली जमीन वनजमीनच होय, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला आहे. सातबाऱ्यावरील जुन्या नोंदी काढून पाहिल्याशिवाय शहराबाहेरील स्वस्त प्लॉटला हात लावू नये.

दुसरी, नझूल. शहराच्या जुन्या भागातील अनेक जागा शासनाच्या भाडेपट्ट्यावर असतात. आखीव पत्रिकेवर पट्ट्याची मुदत व नूतनीकरण पाहावे.

तिसरी, बांधी आणि बोडी. धानाच्या खोलगट बांधीत मुरूम टाकून प्लॉट पाडले की उन्हाळ्यात ते छान दिसतात. जागा श्रावणात पाहावी. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने या पट्ट्यात काय केले, ते नदीकाठच्या लोकांना विचारावे. मंजूर अभिन्यास नसेल तर तो प्लॉट नव्हे, शेतच आहे.

चौथी, वारस. मुसलमान घराण्यातील जुने घर विकत घेताना ही बाब सर्वांत महत्त्वाची. मृत्यूनंतर विधवा, मुलगे आणि मुली सर्वांचा हिस्सा ठरलेला असतो. भाऊ मिळून विकतात आणि बहिणींची सही घेत नाहीत, असे होते. असे घर स्वस्त मिळाले तरी त्यात दुसऱ्याचा हक्क गुंतलेला आहे. कायद्यानेही दावा उभा राहतो आणि शरीअतनेही. "बापाने तोंडी हिबा करून दिले होते" एवढ्यावर समाधान मानू नये. ताबा कोणाकडे होता आणि नोंद झाली होती का, हे पाहावे.

पाचवी, कागद. इसारपावती, नोटरीचा कागद किंवा मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हे स्पष्ट केले आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास 2015 पासून प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्यावयाचा तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक पाहावा. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही.

पडत्या भावातील एक अडचण बहुतेकांना माहीत नसते. सौदा सरकारी बाजारमूल्यापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरच्या दरापेक्षा, कमी भावात झाला तरी मुद्रांक शुल्क सरकारी दरानेच भरावे लागते. आणि ही तफावत 50 हजारांहून व 10 टक्क्यांहूनही अधिक असेल तर ती घेणाऱ्याचे उत्पन्न समजून तिच्यावर प्राप्तिकर लागतो. भाव ठरविण्यापूर्वी त्या जागेचा सरकारी दर काढून घ्यावा.

व्याजाशिवाय मार्ग

पूर्ण रक्कम नाही आणि व्याजी कर्जही घ्यावयाचे नाही, अशांसाठी मंदीचा काळ अनुकूल असतो. चढत्या बाजारात विकणारा उधार देत नाही. गिऱ्हाईक नसते तेव्हा तो हप्त्यांना तयार होतो. एकूण किंमत एकदाच ठरवावी, ती रोखीच्या भावापेक्षा थोडी जास्त असली तरी चालते. मात्र ठरल्यावर हप्ता उशिरा आला म्हणून रक्कम वाढता कामा नये, अन्यथा ते व्याज होईल. हप्ते, ताबा आणि खरेदीखताची तारीख यांचा करार नोंदणीकृतच असावा.

दुसरा मार्ग टप्प्याटप्प्याने बांधण्याचा. आधी निर्वेध प्लॉट, मग जोते, मग दोन खोल्या. सिमेंटवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, त्याचा लाभ बांधणाऱ्याला आहे. कोठेही पक्के घर नसलेल्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला स्वतःच्या जागेवर बांधण्यासाठी प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख, असे अडीच लाखांचे साहाय्य ठेवलेले आहे. ते कर्ज नव्हे. नगर परिषदेत चौकशी करण्यास संकोच करू नये.

शेवटी

मदीनेत भाव चढले तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव ठरवून देण्याची विनंती केली. त्यांनी ते नाकारले आणि भाव अल्लाहच्या हाती असल्याचे सांगितले. पण खोट्या बोली लावून भाव फुगविण्यास आणि मालातील दोष लपविण्यास त्यांनी सक्त मनाई केली. यातून घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही धडा आहे. तळाचा भाव कोणता, हे आधी कोणालाच कळत नाही. त्याची वाट पाहण्यात वय जाते.

म्हणून पाच प्रश्न स्वतःला विचारावेत. या घरात निदान दहा वर्षे राहणार का? कागद निर्दोष आहेत का? कोणाचा हक्क अडकलेला नाही ना? पैसे देऊन सहा महिन्यांचा घरखर्च हाती उरतो का? आणि भाडे, जकात व नफा यांचा हिशेब घेण्याच्या बाजूने येतो का? पाचही उत्तरे होय असतील तर घासाघीस करून घर घ्यावे, पुढच्या वर्षी ते थोडे स्वस्त झाले तरी हळहळू नये. एकही उत्तर नाही असेल तर भाव कितीही पडलेला असो, खुशाल थांबावे. अल्लाह प्रत्येक कुटुंबाला हलाल कमाईचे, समाधानाचे घर देवो.